मोकळा रस्ता आणि त्याआधीचे वाचन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, इतिहास असे विषय असताना ‘अमेरिकेतील मोटारप्रवास’ हा विषय कशासाठी, अशी शंका काही सभासदांच्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. परंतु बडोद्याच्या ग्रंथालयांचे आणि अमेरिकेचे नाते जुने आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अमेरिकेचा प्रवास केला, तेथील सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था पाहिली आणि १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठविणारी फिरती ग्रंथालये त्याच काळात या संस्थानात रुजली. म्हणजे तिकडच्या एका प्रवासाचे फळ इकडच्या खेड्यांतील वाचकांच्या हाती पडले.

त्याही आधी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी समुद्रमार्गे अमेरिकेस गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात झालेल्या त्यांच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढे रमाबाईंनी तो देश हिंडून पाहिला आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या वेळी त्या देशात मोटार नव्हती. लांबचा प्रवास आगगाडीचा होता.

आज परिस्थिती पालटली आहे. मराठी घरांतील मुलेमुली अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि आईवडील तीनचार महिन्यांसाठी तिकडे जातात. तेथे गेल्यावर पहिल्या पंधरवड्यातच एक गोष्ट ध्यानी येते. मुलीचे घर मोठे असते, अंगण असते, परंतु घराबाहेर पडून भाजी आणावी, देवळात जावे, वाचनालयात बसावे, तर पायी जाण्याजोगे जवळ काही नसते. न्यूयॉर्कसारखी थोडी शहरे सोडली तर बहुतेक उपनगरांत सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी आहे. मुलगी आणि जावई सकाळी कामावर जातात. येथे वयाच्या साठीपर्यंत कुणावरही भार न टाकता राहिलेली माणसे तेथे शनिवारची वाट पाहत बसतात, आणि शनिवार उजाडला की थकलेल्या मुलांना ‘आम्हांला कुठेतरी न्या’ असे म्हणण्याचा संकोच वाटतो. म्हणून विमानाचे तिकीट कसे काढावे, मोटार भाड्याने कशी घ्यावी हे प्रश्न चैनीचे नाहीत. परक्या देशातही आपल्या पायांवर उभे राहता येईल की नाही, हा त्यांमागचा खरा प्रश्न आहे.

आजच्या भाषणाचे सूत्र एवढेच की, अमेरिकेतला रस्ता वाचणाऱ्यालाच मोकळा असतो. त्या रस्त्याचे स्वातंत्र्य नकाशे, करारपत्रे, परवाने आणि नियम यांच्या आधाराने उभे राहिलेले आहे. जो ते आधी वाचतो त्याला ते मिळते. हे सूत्र प्रथम इतिहासात आणि मग व्यवहारात पाहू.

१९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टराने पन्नास डॉलरांच्या पैजेखातर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली. सोबत सेवॉल क्रॉकर हा यंत्रज्ञ होता आणि वाटेत घेतलेला एक कुत्रा होता. प्रवासाला ६३ दिवस लागले. १९०९ साली ॲलिस रॅम्से या बावीस वर्षांच्या विवाहितेने तीन स्त्रियांना सोबत घेऊन उलट दिशेने, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत, ५९ दिवसांत गाडी नेली. त्या चौघींत गाडी चालविता येणारी ती एकटीच होती. तेव्हाची मार्गदर्शक पुस्तके ‘अमुक रंगाच्या घरापाशी डावीकडे वळा’ अशा खुणा देत. ओहायोत या चौघींना पिवळे घर काही केल्या सापडेना. मोटारींचा राग असलेल्या मालकाने ते मुद्दाम हिरवे रंगविले होते! ही हकिकत रॅम्सेबाईंनी १९६१ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. छापील खूण आणि प्रत्यक्ष रस्ता यांत अंतर पडले की प्रवासी कसा फसतो, याचा हा आद्य दाखला होय.

१९१९ साली अमेरिकन सैन्याचा मोटारींचा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोस निघाला. चिखलात चाके रुतत, पूल मोडत, आणि पोहोचण्यास ६२ दिवस लागले. त्या तांड्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी होता. पुढे तोच राष्ट्राध्यक्ष झाला आणि २९ जून १९५६ रोजी त्याने महामार्गांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. ४१,००० मैलांचे आंतरराज्य महामार्ग त्या कायद्याने योजिले गेले आणि खर्चाचा ९० टक्के भाग केंद्र सरकारने उचलला.

या महामार्गांचे क्रमांक व्याकरणाच्या नियमांसारखे आहेत, आणि ते एकदा कळले की निम्मा नकाशा कळतो. विषम क्रमांकाचा मार्ग दक्षिणोत्तर जातो, सम क्रमांकाचा पूर्वपश्चिम. विषम क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात, म्हणून ५ क्रमांकाचा मार्ग पॅसिफिकच्या बाजूस आणि ९५ क्रमांकाचा अटलांटिकच्या बाजूस सापडतो. सम क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात, म्हणून १० दक्षिणेस आणि ९० उत्तरेस. क्रमांक तीन अंकी असेल आणि पहिला अंक सम असेल तर तो मार्ग सामान्यतः शहराला वळसा घालतो. बहुतेक राज्यांत महामार्गावरून बाहेर पडण्याच्या फाट्यांचे क्रमांक मैलांवरून दिलेले असतात. १२० क्रमांकाचा फाटा मागे पडला आणि १६५ वर उतरायचे असेल तर पंचेचाळीस मैल उरले, हे गणित तोंडी करता येते.

मोटार भाड्याने देण्याचा धंदाही जुनाच आहे. १९१८ साली शिकागोत वॉल्टर जेकब्स याने फोर्डच्या बारा गाड्या घेऊन तो आरंभिला. १९२३ साली तो जॉन हर्ट्झ याने विकत घेतला. या धंद्याला खरे वळण मिळाले ते १९४६ साली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेल्या वॉरन एव्हिसला विमान उतरल्यावर पुढे जाण्यास वाहन मिळत नाही ही अडचण जाणवली होती. त्याने मिशिगनमधील विलो रन विमानतळावरच भाड्याच्या मोटारी ठेवल्या. विमानाने लांबचे अंतर कापावे आणि मोटारीने जवळचा मुलूख पाहावा, ही आजची रीत तेथून सुरू झाली. १९७८ साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठविणारा कायदा झाला, आणि एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी निरनिराळे भाडे दिलेले असणे ही नेहमीची गोष्ट झाली.

हा इतिहास येथेच थांबविला तर तो अर्धवट ठरेल, कारण हा मोकळा रस्ता सर्वांना मोकळा नव्हता. कृष्णवर्णीय कुटुंबाने स्वतःची मोटार घेतली, पेट्रोल भरले, तरी रात्री कोणत्या गावी खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कोणत्या गावात सूर्यास्तानंतर थांबणे जिवावर बेतेल, हे माहीत असल्याखेरीज त्याला निघता येत नसे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाटप करणाऱ्या कर्मचाऱ्याने १९३६ साली एक पुस्तिका छापली. कृष्णवर्णीयांना आदराने घेणारी निवासस्थाने, खानावळी, पेट्रोलपंप आणि केशकर्तनालये यांची ती यादी होती. प्रथम ती न्यूयॉर्कच्या परिसरापुरती होती. पुढे तिने सारा देश व्यापला. ‘ग्रीन बुक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. असे पुस्तक छापण्याची गरजच उरू नये, ही तिच्या कर्त्याची इच्छा होती. ग्रीन १९६० साली वारला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. अटलांटा शहरातील एका मोटेलच्या मालकाने कृष्णवर्णीयांना खोली न देण्याचा हक्क मागितला. आंतरराज्य प्रवासाशी संबंध असलेल्या व्यवसायाला असा भेद करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी दिला. १९६६-६७ ची आवृत्ती ही ग्रीन बुकची अखेरची ठरली. त्याच्या अनेक आवृत्त्या आज न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या शॉम्बर्ग केंद्रात जतन केलेल्या आहेत. पुस्तकावर माणसाची रात्र सुखरूप अवलंबून असते याचे याहून स्पष्ट उदाहरण ग्रंथालयाच्या सभासदांना क्वचितच मिळेल.

त्या महामार्गांवरील मोटेलांशी गुजरातेचाही संबंध आहे. सुरत, नवसारी, भरूच या बाजूंची कितीतरी कुटुंबे या व्यवसायात शिरली. खोलीतच राहायचे, घरातल्या सर्वांनी राबायचे, या रीतीने ती वर आली. काही ठिकाणी शेजारच्या मोटेलवर ‘अमेरिकन मालकीचे’ अशी पाटी लागे. त्या पाटीचा रोख कुणावर होता हे सांगावे लागत नसे. भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांची देशव्यापी संघटना १९८९ साली स्थापन झाली. आज रात्री दहा वाजता एखाद्या आडगावी मोटेलच्या खिडकीपाशी गेलेल्या बडोदेकरास समोरून गुजरातीत विचारपूस झाली, तर त्या सुखामागे हा इतिहास उभा आहे हे त्याने जाणून असावे.

आता व्यवहाराकडे वळू. उदाहरणादाखल बडोद्याचे एक निवृत्त दांपत्य डोळ्यांपुढे ठेवू. मुलगी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आहे. दोघांना लास व्हेगासपर्यंत विमानाने जाऊन पुढे मोटारीने ग्रँड कॅन्यन पाहायचे आहे.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे; आणि कागदोपत्री ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. पासपोर्टवर पूर्ण नाव, परवान्यावर आडनाव आधी, क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरे. स्त्रियांच्या बाबतीत परवाना माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, असेही असते. विमानाचे तिकीट पासपोर्टबरहुकूम हवे. मोटार देणारी कंपनी परवाना आणि क्रेडिट कार्ड एकाच माणसाचे असल्याची खात्री करून घेते. कार्ड मुलाचे आणि परवाना वडिलांचा, हा घरगुती हिशोब तेथे चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दोनतीन महिने सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून नावे पडताळावीत. ही एक संध्याकाळ पुढचे अनेक मनस्ताप वाचविते.

दुसरी गोष्ट तिकिटाची. जेथे उतरायचे तेथूनच परतायचे असे बंधन नाही. सॅन फ्रान्सिस्कोस उतरून मोटारीने अगर विमानाने देश ओलांडावा आणि न्यूयॉर्कहून परतावे, असे एकच तिकीट काढता येते. पुष्कळदा ते दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. जोडविमान असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटात असणे हिताचे. पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर एकाच तिकिटात पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. तिकिटे वेगळी असतील तर नुकसान प्रवाशाचे. अमेरिकेत प्रथम ज्या विमानतळावर पाय लागतो तेथेच सामान्यतः पासपोर्टची तपासणी होते आणि सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. त्यामुळे तेथे पुढच्या विमानासाठी तीन तासांची सवड ठेवावी. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी तेथेच आधी होऊ शकते.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. विमान सुटण्यास सात दिवस अगर अधिक अवकाश असताना कंपनीकडून थेट आरक्षण केले असेल, तर चोवीस तासांच्या आत ते दंडाशिवाय रद्द करण्याची मुभा किंवा पैसे न भरता तेवढा वेळ भाडे राखून ठेवण्याची सोय, यांपैकी एक कंपनीला द्यावीच लागते. रात्री तिकीट काढावे आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी तारखा, नावे, विमानतळ पुन्हा वाचावेत, यासाठी ही सवलत मोलाची आहे. देशांतर्गत विमानात अत्यंत स्वस्त दिसणाऱ्या तिकिटात सामान, आसन निवडणे, तारीख बदलणे यांचा खर्च वेगळा असतो. भाडे म्हणजे तिकिटाची किंमत नव्हे. ते सर्व मिळून जे होते ती किंमत.

तिसरी गोष्ट मोटारीची. अमेरिकेतील कायदे राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत अभ्यागतास मायदेशीच्या वैध परवान्यावर गाडी चालविता येते. तथापि जेथे जेथे जायचे त्या प्रत्येक राज्याचा आणि गाडी देणाऱ्या कंपनीचा नियम वाचावा. आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेऊन ठेवणे श्रेयस्कर. तो मूळ परवान्याचा सोबती आहे, त्याची जागा घेणारा नाही. दोन्ही जवळ हवेत. पंचवीस वर्षांखालील चालकाला अधिभार पडतो. साठी उलटलेल्यांना मात्र वयामुळे सहसा अडचण येत नाही.

करारपत्रातील दोन कलमे तेथे काउंटरवर, मागे रांग उभी असताना, प्रथमच वाचण्याची वेळ येऊ देऊ नये. एक, भाड्याच्या गाडीचेच नुकसान झाले किंवा ती चोरीस गेली तर भरपाई कुणी करायची. ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ घेतल्यास कंपनी ही भरपाई मागत नाही, मात्र कराराच्या अटी पाळलेल्या असल्या पाहिजेत. दुसरे, आपल्या गाडीने इतरांना इजा झाली किंवा त्यांचे नुकसान झाले तर त्याची जबाबदारी. हे कलम पहिल्याहून गंभीर आहे, कारण गाडीची किंमत ठरलेली असते, माणसाच्या इजेची भरपाई ठरलेली नसते. बडोद्यात काढलेला आजारपणाचा प्रवासविमा सहसा या दोहोंपैकी एकही भार उचलीत नाही. परदेशी रहिवाशांसाठी असलेल्या दरांत कित्येकदा दोन्ही विमे अंतर्भूत असतात. म्हणून आरक्षण करताना आपला देश भारत असाच लिहावा आणि मग दरांची तुलना करावी.

आणखी एक कलम आपल्या कुटुंबपद्धतीच्या विरुद्ध जाते, म्हणून ते वेगळे सांगणे अगत्याचे आहे. करारात ज्याचे नाव आहे त्यानेच गाडी चालवावयाची. बाबा दमले म्हणून मुलीने दोन तास चक्र हाती घेतले आणि तिचे नाव करारात नसेल, तर त्या दोन तासांत घडलेल्या अपघातात विम्याचे संरक्षण नाकारले जाऊ शकते. जादा चालकाचे शुल्क काही कंपन्या पतिपत्नींना माफ करतात. ते माफ नसले तरी भरावे आणि नाव नोंदवावे. पत्नीकडे परवाना असेल तर तिचेही नाव अवश्य घालावे. लांबच्या वाटेवर दुसरा चालक असणे ही सुरक्षिततेची बाब आहे.

गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडल्यास वेगळे शुल्क पडते, आणि ते कधी मूळ भाड्याइतके होते. म्हणून आपल्या दांपत्याने लास व्हेगासला गाडी घ्यावी, फेरी पूर्ण करून तेथेच सोडावी आणि विमानाने परतावे, हे किफायतशीर ठरण्याचा संभव अधिक. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. टाकी भरून मिळाली तर भरून परत करावी. पेट्रोलपंपावर यंत्र कार्डासाठी पाच अंकी पिनकोड मागते आणि भारतीय कार्ड तेथे अडते. अशा वेळी आत जाऊन रोखपालाकडे आधी पैसे द्यावेत. अनेक पुलांवर आणि रस्त्यांवर आता रोख टोल घेतच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून ही पद्धत आहे. गाडीच्या क्रमांकावरून बिल कंपनीकडे जाते आणि कंपनी त्यावर आपले शुल्क चढविते. म्हणून टोलची योजना कोणती, हे गाडी घेतानाच विचारावे.

चौथी गोष्ट अंतराची आणि वेळेची. लास व्हेगासहून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २८० मैल, म्हणजे ४५० किलोमीटर आहे. दरीचा दक्षिण काठ आणि उत्तर काठ एकमेकांपासून सरळ रेषेत सरासरी दहा मैलांवर आहेत. मोटारीने मात्र एकीकडून दुसरीकडे जाण्यास सुमारे २१५ मैल आणि पाच तास लागतात, आणि उत्तर काठ हिवाळ्यात बंद असतो. नकाशावर बोट ठेवून ‘हे तर शेजारीच आहे’ असे म्हणणाऱ्याने एवढा दाखला ध्यानी ठेवावा. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करीत नाही. शेजारचे युटा करते. ॲरिझोनाच्याच पोटात असलेला नाव्हाहो आदिवासींचा प्रदेशही घड्याळ पुढे करतो. त्यामुळे उन्हाळ्यात एका दिवसाच्या वाटेत घड्याळ दोनदा बदलू शकते आणि आगाऊ पैसे भरलेली सहल तासाच्या फरकाने हुकू शकते. १ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास परदेशी अभ्यागतांसाठी २५० डॉलरांचा झाला आहे, तेथील रहिवाशांसाठी तो ८० डॉलरांचाच राहिला. जुन्या प्रवाशांनी सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नये.

मृत्यूची दरी, म्हणजे डेथ व्हॅली, या मार्गापासून फार दूर नाही. तेथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात भर दुपारी तिकडे वळू नये. वळलेच तर भरपूर पाणी जवळ असावे आणि मुख्य रस्ता सोडू नये. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास बहुधा मनाई असते, आणि भ्रमणध्वनीतला नकाशा ती अट जाणत नाही. वाळवंटात भ्रमणध्वनीचे जाळे कैक मैल नसते. तेथे कागदी नकाशाच उपयोगी पडतो.

शेवटी चालविण्याविषयी. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि चक्र डावीकडे असते. आयुष्यभराची सवय सरळ रस्त्यावर आड येत नाही. ती आड येते रिकाम्या चौकात वळताना आणि पेट्रोलपंपातून बाहेर पडताना. चारही बाजूंना ‘थांबा’ अशी पाटी असलेल्या चौकात प्रत्येकाने पूर्ण थांबायचे. जो आधी आला तो आधी जाईल, आणि दोघे एकदमच आले तर उजवीकडच्याला मान. शाळेची पिवळी बस लाल दिवे चमकवीत उभी असेल तर थांबलेच पाहिजे. पोलिसांच्या गाडीने मागून दिवे लावले तर उजवीकडे कडेला थांबावे, गाडीतच बसून राहावे आणि हात चक्रावर दिसतील असे ठेवावेत. आपल्याकडे उतरून अदबीने पुढे जाणे हा सभ्यपणा मानला जातो. तेथे त्याचा अर्थ विपरीत होतो. लांबच्या विमानप्रवासाच्या दिवशी चक्र हाती घेऊच नये. झोप पुरी होईपर्यंत एकदोन दिवस मुलीच्या घराच्या परिसरात, मुलगी शेजारी असताना, सराव करावा; त्यासाठीही तिच्या गाडीचा विमा पाहुण्या चालकाला लागू आहे काय, हे आधी विचारावे. आणि एवढे सर्व वाचूनही आत्मविश्वास वाटला नाही, तर लास व्हेगासहून सहलीची बस घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

श्रोतेहो, ही यादी लांबली. परंतु भय घालणे हा तिचा हेतू नाही. ॲलिस रॅम्सेला पिवळे घर सापडले नाही तरी ती पोहोचली. ग्रीनच्या पुस्तिकेने लाखमोलाची माणसे सुखरूप मुक्कामास नेली. दोन्ही ठिकाणी रस्त्यावरचे धैर्य आणि निघण्यापूर्वीची माहिती यांची सांगड होती. आपल्या निवृत्त मंडळींत धैर्य कमी नाही. ज्यांनी नोकऱ्यांत आयुष्यभर फायली वाचल्या, बँकांतले करार तपासले, त्यांना भाड्याच्या मोटारीचे चार पानी करारपत्र अवघड जाण्याचे कारण नाही. ते तरुण मुलाने घाईघाईत, पडद्यावर बोट फिरवून मान्य करून टाकण्याऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांनी शांतपणे वाचावे, हेच अधिक शोभणारे आहे.

ग्रंथालयाला यात एक काम करता येण्याजोगे आहे. अमेरिकेहून परतलेल्या सभासदांकडे जुने नकाशे, उद्यानांची माहितीपत्रके, वापरलेली करारपत्रे असतात. खाजगी तपशील खोडून ती एका कपाटात वर्षवारीने लावून ठेवावीत. जो जाणार असेल त्याने ती पाहावीत, परतल्यावर बदललेल्या गोष्टींची भर घालावी. शंभर वर्षांपूर्वी या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात होत्या. त्या परंपरेला साजेसे हे लहानसे कपाट होईल. त्याच्या आधाराने या शहरातील एखाद्या आईवडिलांनी परक्या मुलखात आपल्या हिमतीवर चारशे मैल प्रवास केला आणि रात्री मुलीला दूरध्वनी करून ‘आम्ही सुखरूप पोहोचलो, तू काळजी करू नकोस’ असे सांगितले, तर ग्रंथालयाच्या शंभर वर्षांच्या कामात तेवढी भर पडली असे खुशाल समजावे.